पाखरांच्या नावाची जवारी

भुरीबाई माळ्यावर बसत नसे, आणि हीरालाल शेटला तेच खुपायचं.

माळा त्याने चांगला बांधून घेतला होता. चार बल्ल्या, वर आडव्या फाट्या, त्यावर कडब्याची गादी. राखणदाराने तिथं बसावं, अनसिंगच्या रस्त्याने बैलांची दमणी जाताना तो लांबून दिसावा, म्हणजे मालकाला वाटतं आपलं शेत राखलं जातंय. भुरीबाई दिसायचीच नाही. दिवस उगवताना नाल्याच्या बाजूला, घटकाभराने विहिरीजवळ, मग बारा एकरांच्या मधोमध, डोक्यावर गेलेल्या जवारीत बुडालेली. नुसता गोफणीचा फटाका ऐकू यायचा आणि पाखरांचा ढग उठायचा.

"तू एका जागी बसत काहून नाही?" शेटने एकदा दमणी थांबवून विचारलं.

"पाखरू बसते का एका जागी?"

"मंग माळा कायले बांधला?"

"ते तुमाले माहीत. मी त्याच्याखाली पाण्याचं मडकं ठेवते. सावली बरी हाये."

शेजारी उभ्या असलेल्या जगदेवला हसू आलं. तो शेटचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा माणूस. सालदाराला हसायची परवानगी नसते. त्याने खोकून घेतलं.

ज्यांनी आयुष्यात एक दिवस राखण केली नाही त्यांना वाटतं, फटाका मोठा झाला की पाखरू पळतं. पाखरू आवाजाला भीत नाही. आवाज कुठून येईल ते कळत नाही, त्याला भितं. एकाच माळ्यावरून फटाका झाला की मनोलीच्या थव्याला तिसऱ्या दिवशी समजतं, बाई तिथं आहे, आपण इकडे खावं. गोफणीत दगड असता तर गोष्ट वेगळी. पण दगड घालायचा नाही ही हीरालाल शेटची अट होती. आपल्या शेतात जीव मरता कामा नये. भुरीबाईने अट मान्य केली. दोराचं रिकामं टोक हवेत असं झटकायची की बंदुकीसारखा आवाज निघायचा, आणि त्या आवाजाला कधीच एक जागा नसायची. म्हणून पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत तिचे पाय चालत. बसली की शेत गेलं.

ती अनसिंगजवळच्या तांड्यातली. नवरा फुलसिंग सहा वर्षांमागे पटकीत गेला. झोपडीत ती आणि सासू धुरपताबाई, जिचे दोन्ही डोळे गेले होते. दोघींची होळीपर्यंतची भाकर या राखणीवर होती, आणि राखणीचा मोबदला ठरलेला होता. पेरणीच्या ओळीला आमच्याकडे तास म्हणतात. शेताच्या कडेचं, नाल्याकडचं पहिलं तास पाखरांचं. पेरतानाच बाया म्हणतात, 'हे चिडीचं, हे मुंगीचं', आणि मग त्या तासाकडे कोणी बघत नाही. त्याला लागून पुढची चार तास राखणदाराची. पाखरांच्या शेजारी राखणदार, म्हणजे त्याने झोपू नये. जुन्या लोकांनी फार विचार करून ठेवलेली लबाडी आहे ही. पेरणी झाली तेव्हा शेटने स्वतः बांधावर उभं राहून ती चार तास तिला दाखवली होती. जगदेव हजर होता.

ही चार तास गेली तर तिला भावासोबत जावं लागलं असतं. सेवादास, तिचा धाकटा भाऊ, माणसं गोळा करून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला निघाला होता.

"बाई, चाल ना," तो दर आठ दिवसांनी म्हणायचा. "तुह्या हाताले काम हाये तिथं."

"अन बुढीले कोण पाह्यीन?"

"तिलेही घिऊ."

"आंधळ्या बाईले खडीवर? टिकूर उडून डोळ्यात जाईन म्हणून भेव नाही, तेवढं बरं."

 बहिणीशी बोलण्यात सेवादास कधी जिंकला नव्हता.

*

हीरालाल शेट वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते. वाशीमला त्याचं कापडाचं दुकान. दुकानासमोर दगडी चबुतरा, त्यावर रोज सकाळी तो स्वतःच्या हाताने शेरभर जवारी पसरायचा. चिमण्या, पारवे, पोपट यायचे. जखमी पारव्याला त्याने एकदा महिनाभर गादीजवळ टोपलीत ठेवून वाचवलं होतं. दया त्याच्या अंगात खरी होती. फक्त ती दया कोणाच्या ताटातून निघते, हे बघायची सवय त्याला नव्हती.

मार्गशीर्ष लागला. दाणा दुधातून भरत आला. एका दुपारी शेट शेतावर आला तो हातात मासिक घेऊन. मुंबईहून यायचं ते, रंगीत मुखपृष्ठाचं. माळ्याच्या सावलीत घोंगडी टाकून बसला आणि भुरीबाईला हाक मारली.

"ये, बस. तुले पाखराचं वाचून दाखवतो. तू एवढी पाखरांमागे फिरून राह्यली, तुले मालूम असावं."

"उभ्यानं ऐकते, शेट. कान पायात नाहीत."

चित्रात फुलासमोर हवेत थांबलेला, हिरव्या गळ्याचा, बोटभर पक्षी होता. शेटने वाचलं. हा हमिंगबर्ड, अमेरिकेतला. वजन पाव तोळा. हृदय मिनिटाला हजारदा धडकतं. पुढे उडतो तसा मागेही उडतो. दिवसभर दर थोड्या वेळाने खावंच लागतं. रात्री भुकेने मरू नये म्हणून अंगातली आग मंद करून मेल्यासारखा पडून राहतो, आणि सकाळ झाली की परत पेटतो. पुढच्या पानावर विलायतेतला रेन नावाचा, शेपटी वर करून फिरणारा छोटा पक्षी. थंडीत एका ढोलीत पन्नास-साठ जण एकमेकांना चिकटून झोपतात, नाहीतर गारठून मरतात.

"पाह्यलं?" शेटने चित्रावरून हळूच बोट फिरवलं. "लहान जीवाले केवढी आग. अन हा आपल्या मंदिरातल्या जास्वंदीवरही येते. मी पाह्यला, हिरवा-जांभळा."

"नाही, शेट. ते शिंजीर."

"तुले काय मालूम? चित्र पाह्य."

"चित्रातलं हवेत उभं राहून पिते म्हणता ना? शिंजीर दांडीवर बसते, मंग फुलात चोच घालते. कधीमधी फडफडते, पण दम लागते त्याले. वेगळं पाखरू हाये ते." ती जवारीच्या शेंड्यांकडे बघत होती; बोलतानाही तिचे डोळे थांबत नव्हते. "अन ते जे शेपूट हालवत बोंबलून राह्यलं ना, ते वटवट्या. अर्ध्या तोळ्याचं असंन. त्याले हाकलत नाही मी. ते दाणा खात नाही, अळी खाते. मनोली अन सुगरण, हे दाणेवाले. सकाळी सगळ्यात उपाशी असतात. रातभर अंगातली आग चालू, अन खायाले काही नाही. म्हणून पहिला पहर अन शेवटचा पहर, दोन्ही वेळेस राखण. मधात नुसतं फिरत राह्यलं तरी भागते."

शेटने पान उलटून पाहिलं. मासिकात हे नव्हतं.

"ते साठ जण एका ढोलीत म्हणलं ना," ती म्हणाली, "त्याचं नवल नका करू. सेवादासच्या झोपडीत अकरा झोपतात. हिवाळ्यात आमीही चिकटूनच जगतो."

शेट हसला. तिचं खरं बोलणं त्याला गंमत वाटायचं. मग ती म्हणाली, "एक विचारू का, शेट? तुमी वाशीमले रोज दाणे टाकता, अन इथं आमाले हाकलाले लावता. पाखरानं कोणतं गाव खरं समजावं?"

या वेळी शेट हसला नाही. ती गोष्ट त्याच्या मनाला लागली. आणि मनाला लागलेल्या गोष्टीचं हीरालाल शेटने जे केलं, तिथून पुढचा घोळ झाला.

*

चार दिवसांनी जगदेव शेतावर आला. तोंड उतरलेलं. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून पान-तंबाखूची चंची काढली, परत खिशात घातली, परत काढली.

"बोलून टाक ना, जगदेवभाऊ. चंची फाटंन."

"भुरीबाई, शेटनं मंदिरात जाहीर केलं. सगळ्या लोकांसमोर. तू बोलली ते त्याच्या डोक्यात बसलं. म्हणे आजपासून माह्या शेतातली कडेची पाच तास पाखरांची. दान. कोणी हाकलाचं नाही, कोणी तोडाचं नाही. लोकांनी लई वाहवा केली."

भुरीबाई थांबली. जवारीत पाय ठेवल्यापासून पंधरा दिवसांत ती पहिल्यांदा थांबली असेल.

"पाच?"

"पाच."

"एक पाखरांचं पयलेच हाये. मंग उरली चार."

"तुही," जगदेव म्हणाला.

ती तशीच निघाली. गोफण कमरेला, पायात वहाण नाही, अनसिंगहून वाशीमचा रस्ता अर्धा चालली तेव्हा एक बैलगाडी भेटली. दुकानात पोचली तेव्हा शेट गिऱ्हाइकाला लुगड्याचा काठ दाखवत होता.

"शेट, ते पाच तासातली चार माही होत."

"अरे हां," शेट म्हणाला. त्याच्या खरंच ध्यानात नव्हतं. क्षणभर त्याचा चेहरा पडला, हे भुरीबाईने पाहिलं. तेवढ्यात गिऱ्हाइकाने विचारलं, "हेच का ते पाखरांचं दान, शेटजी?" आणि पडलेला चेहरा परत उभा राहिला.

"भुरी, आता जबान देऊन झाली. मंदिरात दिलेली जबान."

"मंग मधातली चार द्या मले. बारा एकर हाये."

"मधातली जवारी उभ्यानं विकली. सौदा झाला. त्याच्यात हात नाही घालता येत."

"मंग?"

"तुले एक लुगडं देतो. अन पाह्य, पुण्य हाये हे. पुण्यात तुहाही वाटा राहीन."

"पुण्याची भाकर होते का, शेट?"

 शेटने तिच्यापुढे लुगडं सरकवलं. लाल, चांगल्या काठाचं. तिने ते हात न लावता पाहिलं. बंजारणीला लुगडं देतो हा माणूस. पंधरा दिवस येता-जाता बघून तिच्या अंगावरचा घागरा त्याला दिसला नव्हता.

"एक सांगून जाते," ती म्हणाली. "पाखराले तास समजत नाही. पाच तासावर थवा बसू दिला तर तो पाचावर थांबत नाही. एक मनोली खाऊन राह्यली की दुसरी पाहून येते. मंग शेत राखता येत नाही."

"मंग तू राखजो ना बाकीचं. तुले येते."

तिला येतं. हे खरं होतं. म्हणून तर राग आला.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे ती शेतावर होती. नाल्यावर धुकं होतं, जवारीची पानं ओली. पहिला प्रकाश आला आणि बाभळीवरून मनोल्यांचा थवा सुटला. चिर्‌चिर् करत, वर-खाली होत, एकही पाखरू क्षणभर स्थिर नाही. पाठोपाठ सुगरणी, पिवळ्या-भुऱ्या, शे-दीडशे. तोळाभराचा, दोन तोळ्यांचा एकेक जीव, आणि रात्रभराची भूक.

जगदेव कापसाच्या वेचणीवर निघाला होता. त्याने धुऱ्यावरून पाहिलं, भुरीबाई नाल्याच्या काठाला गोफण फिरवतेय. एका टोकाला फटाका, पळत दुसऱ्या टोकाला, परत फटाका. थवा तिच्या चार तासांवरून उठला, चक्कर मारली, पुन्हा उतरला, पुन्हा उठला. शेवटी नाला सोडून आत गेला. मधे. विकलेल्या जवारीवर.

आणि भुरीबाई तिकडे गेली नाही.

"अवो भुरीबाई! तिकडं बसले सारे!"

"दिसते मले."

"मंग हाकल ना!"

"कायले? दान होय ते. शेटले निरोप सांग, भाऊ. आजपासून मी फक्त माही चार तास राखते म्हणावं. लपून नाही करून राह्यली मी. सांग त्याले."

जगदेवने निरोप सांगितला नाही. सालदाराने मालकाला वाईट बातमी सांगितली की ती बातमी सालदाराची होते. दुसऱ्या दिवशी त्याने रॉकेलचा डबा वाजवून पाहिला. पाखरं उठली, डबा कुठे आहे ते पाहून त्याच्या पलीकडे बसली. तिसऱ्या दिवशी बाजूच्या शिवारातले थवेही आले. पाखरांत बातमी कशी फिरते कोणास ठाऊक. मंदिरात जाहीर करावी लागत नाही, एवढं खरं.

चौथ्या दिवसापासून भुरीबाईने खुडणी धरली. कणसं अजून चार दिवस उभी वाळायला हवी होती, पण चार दिवस कोणाला होते? विळ्याने एकेक कणीस खुडायचं, ओटीत टाकायचं, मधेच विळा कमरेला खोचून गोफण घ्यायची, फटाका द्यायचा, परत विळा. भारा झाला की डोक्यावर घेऊन तांड्यावर. धुरपताबाई झोपडीत बसून हाताने चाचपून दाणे भरले की पोचे ते सांगायची. "भरले हायेत," म्हणायची. "उलीशी हिरवी हाये, पण भरली." मागे शेतात उभी राहिली ती जवारीची नुसती ताटं, बिनशेंड्याची धाटं.

*

रविवारी सकाळी दोन दमण्या आल्या. हीरालाल शेट, वाशीमची तीन-चार भली माणसं, आणि शेटची भुआ अंगुरीबाई. वडिलांची बहीण. सत्तरीची, पांढऱ्या लुगड्याची. हातातली काठी तिला टेकायला कमी आणि दाखवायला जास्त लागायची. दान बघायला आली होती सगळी.

शेट पुढे झाला. नाल्याकडची पाच तास पाहिली, पहिल्यात दाणा गेलेली कणसं, पुढच्या चारांत तीही नाहीत, आणि त्याचं तोंड फुललं.

"पाह्यलं? पाच दिवसांत साफ! एक दाणा नाही ठेवला. केवढी भूक असंन लहान जिवांची!"

"धन्य हो, हीरालालजी," एक जण म्हणाला.

अंगुरीबाईने पुढच्या तासातलं एक ताट काठीने आपल्याकडे वाकवलं. शेंडा जवळून बघितला. दुसरं वाकवलं.

"हीरालाल."

"जी, भुआजी."

"पाखरू विळ्यानं खाते का रे?"

सगळे बघायला लागले. ताटांचे शेंडे तिरपे, साफ कापलेले. तेवढ्यात आतून आवाज आला, हजारो बारीक चोचींचा, कढईत मोहरी तडतडावी तसा. शेट धावत चार पावलं आत गेला. नाल्यापासून विहिरीपर्यंत अडीच-तीन एकरांवर कणसं केरसुणीसारखी झाली होती, आणि प्रत्येकावर दोन-दोन, तीन-तीन पाखरं. खाली पडलेल्या दाण्यांवर आणखी.

"जगदेव! भुरी!" शेट ओरडला. "हाकला! हाका—"

आणि थांबला. मागे मंदिरात त्याची जबान ऐकलेली माणसं उभी होती.

"वा," दुसरा भला माणूस भारावून म्हणाला. "पाच तास म्हणले होते, अन दिलं अख्खं शेत! याले म्हणतात दान."

 भुरीबाई आपल्या चौथ्या तासाच्या टोकाकडून आली. डोक्यावर शेवटचा भारा, कमरेला गोफण.

"हे काय केलं तू?" शेट हळू आवाजात म्हणाला. ओरडायची सोय नव्हती. "ती तास पाखरांची होती."

"होती ना. पाखरांनी अदलाबदल केली. त्याहीले मधातली पसंत पडली."

"चोरी हाये ही."

"पेरणीले इथंच उभं राहून तुमी दाखवली होती. 'भुरी, ही चार तुही.' जगदेवभाऊ समोर होता."

सगळ्यांनी जगदेवकडे पाहिलं. जगदेवने जमिनीकडे पाहिलं. साल संपायला चार महिने होते, पुढचं साल शेटच्या हातात होतं, घरी पाच तोंडं. त्याने चंची काढली.

"दाखवली होती, शेट," तो म्हणाला. आवाज चिरका आला, पण आला.

अंगुरीबाई भुरीबाईजवळ गेली. भाऱ्यातून एक कणीस ओढलं, दाणा नखाने दाबला, दाताखाली धरला.

"हिरवी तोडली," ती म्हणाली.

"थांबली असती तर राह्यली नसती, माय."

म्हातारी वळली. "हीरालाल, दान आपल्या ताटातलं कराचं असते. दुसऱ्याच्या ताटातलं वाटलं तर त्याले दुसरं नाव हाये. लोकांसमोर बोलावं का?"

"नाही, भुआजी."

"मंग चाल दमणीत."

 पण शेट तिथेच उभा राहून त्या पाखरांकडे बघत होता. सौदा झालेली जवारी त्याच्या डोळ्यांसमोर दाण्यादाण्याने कमी होत होती. त्याने भुरीबाईकडे पाहिलं. तोंडाने म्हणता येत नव्हतं. पण मागणं काय होतं ते तिला समजलं. इतके दिवस जिच्या पायांकडे बघितलं नाही, तिचे पाय त्याला आता हवे होते.

भुरीबाईने भारा खाली ठेवला. गोफण सोडली. दहा पावलं आत चालली, मग एकदम डावीकडे वळली, जिथून कोणी येत नाही तिथे, आणि डोक्यावरून एक फेरा घेऊन दोर झटकला.

फटाका असा झाला की दमणीचे बैल बिचकले. सगळा थवा एका अंगाने उठला, काळा, पिवळा, भुरा, सूर्य क्षणभर झाकला, आणि नाल्यापलीकडे गेला. तीन एकरांवर एकही पाखरू उरलं नाही. 

"असं हाकलतात, शेट," ती म्हणाली.

तिने गोफण गुंडाळून कमरेला बांधली, भारा डोक्यावर घेतला आणि तांड्याची वाट धरली. पुढच्या हंगामात या शेतावर तिला कोणी बोलावणार नाही, हे तिला ठाऊक होतं. भारा जड होता, मान ताठ ठेवावी लागत होती.

ती नाला उतरत होती तेव्हा पहिली मनोली डोक्यावरून परत गेली. मग दुसरी. मग बाकीच्या.